सहा वाजताची बिडी

सिगारेट पेटवून ठेवली तर ती आपली आपण जळत राहते. बिडी तशी नाही. तिला सारखा झुरका लागतो. जरा गप्पांत रमलात की रुसून विझते. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासून वेलदोड्याचं दूध पिते आणि खोट्या गोष्टी सांगते. आजीनं अकरा वर्षं बिडी ओढली. तीही लपून, तीही सरकारी नोकरीत.

हे आधीच कबूल करून टाकते, कारण बिडीचा हा स्वभाव ठाऊक नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही. बालाघाटात वैनगंगेकडं उतरणाऱ्या एका गल्लीत मी ज्या बाईंच्या घरी भाड्यानं राहत होते, त्यांच्या मागच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सहा वाजता एक बिडी पेटवून ठेवलेली असायची. तिला कुणी हात लावत नसे, तोंड लावत नसे. आणि ती बिडी पार लाल धाग्यापर्यंत जळायची.

गल्ली त्यांना काकी म्हणे, म्हणून मीही म्हणायला लागले. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या. चाळीस वर्षं बिड्या वळून उजव्या अंगठ्याचं नख चपटं आणि काळं पडलेलं. वळायचं काम त्यांनी कधीच सोडलं होतं, पण हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्यांची बोटं हवा वळायची. मांडीवर सूप नाही, पान नाही, तमाखू नाही. तरी बोटं पान कापायची, भरायची, गुंडाळायची, नखानं तोंड बंद करायची आणि ती न दिसणारी बिडी डाव्या हाताला अलगद ठेवून द्यायची. मग पुढची. पाहुण्याच्या चेहऱ्याकडं त्या बघत नसत. बोटांकडं बघत.

खोली बघायला गेले तेव्हा मी पस्तिशीची होते आणि स्वतःला फार चतुर समजत होते.

"खोली आहे म्हणे भाड्यानं," मी म्हटलं.

"बोटं दाखव."

मला वाटलं, हात बघतात. बायकांचा डावा हात बघतात एवढं ज्योतिष मला येत होतं, म्हणून मी ऐटीत डावा पुढं केला. काकींनी तो बाजूला सारला, उजव्या हाताची दोन बोटं धरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"दिवसाले बारा," त्या म्हणाल्या. "सोमवारी जास्त. काहून वं, सोमवारी काय होते?"

त्या दिवशी मी बोटं साबणानं धुतली होती, वर लिंबू चोळलं होतं. आणि सोमवारचं तर माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.  पण माझं तेव्हाचं ध्यान बघा, तशातही मी म्हणाले, "नाही हो काकी, मी रोज अगरबत्ती लावते ना, तिचा वास असेल."

"हौ? कोन्या देवाले चालते वं, बिडीची अगरबत्ती?"

खोली दिली मात्र. घर दाखवलं. मागच्या ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या होत्या. एकीवर मी टेकणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. मग आईनं पोराच्या कपाळाला लावावा तसा पंजाचा पालथा भाग त्या खुर्चीच्या बैठकीला लावला.

"सारं घर तुहं समज. हे खुर्ची तेवढी सोड. आत्ताच उठले ते. गरम आहे अजून."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीला हात लावून पाहिला नाही. पाहिला असता तर तशीच उलट्या पावली पळाले असते आणि आज कदाचित खोकत बसले असते.

काकींचे यजमान खाणीत कामाला होते आणि सात वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले, हे मला गल्लीनं सांगितलं. काकींनी नाही. काकींच्या बोलण्यात ते नेहमी नुकतेच उठून गेलेले असत, किंवा आता येण्यातच असत. नाव अर्थात घेत नसत. 'ते', 'त्याईले', 'त्याईचं'. स्वयंपाक करता करता भिंतीकडं तोंड करून, तिकडच्या बायकांच्या 'मी करतो'च्या ढंगात, म्हणायच्या, "हौ, हौ, सांगतो तिले." आणि मग मला येऊन काहीही सांगायच्या नाहीत. मी दोन दिवस वाट बघायची, काय सांगायचं असेल म्हणून.

आता माझ्या बिडीचं सांगते, म्हणजे सोमवारचा उलगडा होईल.

पहिली नेमणूक परसवाड्याकडं. थंडीत गावोगाव फिरायचं काम, मी एकटी बाई. एका सकाळी शेकोटीभोवती बसलेल्या मजूर बायांपैकी एकीनं सहज बिडी पुढं केली. मी घेतली, ओढली, डोळ्यांत पाणी आलं आणि बाया खो खो हसल्या. मला वाटलं, माझ्या धीटपणाचं कौतुक चाललंय. तेव्हापासून मी स्वतःला धीट समजत आले. खऱ्या धीट बाईला न्हाणीघरात कोंडून घेऊन, झरोक्याशी तोंड नेऊन बिडी ओढावी लागत नाही, हे समजायला मला दहा वर्षं लागली. वर पावडर थापायची, लवंग चघळायची आणि जगाला काही कळलं नाही अशा थाटात बाहेर यायचं. जगाला सगळं कळत होतं. जगाला माझ्यापेक्षा रीत होती, एवढंच.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला दमा. मी ओढून आले की तिचा श्वास शिट्टी वाजवायला लागे, म्हणून ती रामपायलीला माझ्या आईकडं राहत होती. माझे यजमान जबलपूरला नोकरीत. दर रविवारी आई तिला घेऊन बसनं यायची. पोरगी खाटेच्या पार दुसऱ्या टोकाला बसायची. "आई" म्हणून हाक मारायची आणि हाक मारता मारता मागं सरकायची. पाचच्या बसनं दोघी परत जायच्या. आणि सोमवारी मी बाराच्या ठिकाणी वीस ओढायची.

होळीच्या सुमारास आई एवढंच म्हणाली, "जुलैत शाळा उघडंल. तोवर बिडी सोडली तर पोरगी इथं ठेवतो. नाही तर तिचं नाव मी रामपायलीतच घालतो. मग आठवी होईस्तोर मागू नको."

मी काय नाही केलं? बिड्या नदीत टाकल्या. माचिस कौलांवर भिरकावली आणि तासाभरानं शेजारणीकडून शिडी मागून आणली. तिनं विचारलं, "वर काय अडकलं?" मी म्हटलं, "मांजर." ती बिचारी दुधाची वाटी घेऊन खाली उभी राहिली.

एका रविवारी माझी मंडळी बसनं गेल्यावर मी न्हाणीघरात शिरले आणि झरोक्यातून ती बिडी पहिल्यांदा पाहिली.

काकींनी ती समोर बसून वळली. दिवसाला एकच वळायच्या. चिमट्यात निखारा धरून बिडीच्या तोंडाशी नेला आणि लांबून फुंकर घातली. ओठ लावले नाहीत. पेटल्यावर ओट्याच्या कडेवर, त्या खुर्चीच्या हाताशी ठेवली आणि आपण दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. बाहेर लख्ख उजेड होता. वारा असा नव्हताच. दोरीवरचं लुगडं हलत नव्हतं. मी म्हटलं, विझेल आता.

विझली नाही. टोकाचा निखारा लाल झाला. मग मंद झाला. मग थोडा वेळ तसाच. पुन्हा लाल झाला, आधीपेक्षा जरा जास्त वेळ. ज्यानं बिडी ओढली आहे त्याला सांगावं लागत नाही ते काय असतं. कुणीतरी दिवसभराच्या कामावरून आल्यासारखं, घाई न करता ओढत होतं. आणि धूर निखाऱ्यापासून सरळ वर जायचा सोडून खुर्चीवरून, माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवरून निघत होता.

मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. मनात आलं, काय नशीब आहे, मेल्यावरसुद्धा कुणी वळून देतंय. अशी मी.

"बाहेर ये वं," काकी झरोक्याकडं न बघता म्हणाल्या. "संडास-न्हानीत लपून ओढते. त्याईले हसू येऊन राह्यलं."

मी बाहेर आले. हातात न पेटवलेली बिडी. का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. पोरगी, जुलै, रामपायली, शिडीसुद्धा. काकी ऐकत होत्या, बोटं हवा वळत होती. शेवटी म्हणाल्या, "सोडाची कायले? देऊन टाक."

"कुणाला?"

त्यांनी खुर्चीकडं मान हलवली. "तल्लफ आली की ओढाची नाई. घेऊन याची. आपण त्याईले देऊ. ते ओढतीन, आपण बसू. कचेरीत आली तर कागदात बांधून आन."

"काकी, बारा-बारा बिड्या? त्यांना?"

"त्याईच्या छातीचं आता काय बिघडते?" त्या म्हणाल्या, आणि मग खुर्चीकडं बघत, "माह्याच हातच्या ओढल्या त्याईनं साऱ्या. दुसऱ्याची चालत नोहती. एकदाबी नाई म्हटलं नाई मी. उलट चांगलं पान निवडून ठेवत होतो."

यापलीकडं त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत.

तर असा माझा इलाज सुरू झाला. तल्लफ आली की कचेरीत बसल्या जागी एक बिडी कागदात गुंडाळून पिशवीत टाकायची. संध्याकाळी ओट्यावर ती पुडी सोडायची. काकी एकेक पेटवून कडेवर ठेवत आणि आम्ही दोघी समोर बसून बघत राहायचो. पहिले चार दिवस माझे हात इतके थरथरत की काकी ते आपल्या मांडीखाली दाबून धरत. कधी कधी माझ्या हातांना स्वतःसारखी हवा वळायला शिकवत. "पान ओलं पायजे. मग दाबाचं. हां. आता नख." सरकारी नोकर, पस्तीस वर्षांची बाई, संध्याकाळच्या उजेडात हवेच्या बिड्या वळत बसलेली! कुणी बघितलं असतं तर सरळ वेड्यांच्या इस्पितळात नेलं असतं, आणि मीही गेले असते, तिथं ओढू देतील या आशेनं.

पण इलाज लागू पडत होता. एक बिडी धाग्यापर्यंत जळायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तल्लफ निघून जाई. बाराच्या आठ झाल्या, आठच्या पाच. "तल्लफ म्हंजे वाट चुकलेला मानूस होय वं," काकी म्हणायच्या. "दार नाई उघडलं तर थोडा वेळ उभा राह्यते, मंग दुसऱ्याच्या घरी जाते." आमच्याकडं तो दुसऱ्याच्याही घरी जात नव्हता. शेजारच्याच खुर्चीत बसत होता.

आणि खुर्चीची प्रकृती बिघडत चालली होती, हे मी कसं सांगू? पहिल्या आठवड्यानंतर ओट्यावरून खोकला ऐकू यायला लागला. मोठा नव्हे. भिंतीपलीकडं कुणी तोंडावर हात ठेवून खोकावं तसा. मी काकींकडं बघितलं की त्या चुलीवर आल्याचा काढा ठेवायच्या आणि वाटी खुर्चीपुढं ठेवायच्या. "लई झाल्या आज त्याईले," म्हणायच्या. पण तोंडावर नव्या नवरीचं हसू असायचं. ते हसू मला त्या खोकल्याहून जास्त भिववायचं.

मधेच एक सांगून टाकते. काकी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या भाच्यानं पितृपक्षात त्यांचं पान मांडलं आणि माझ्याकडं निरोप धाडला, मामीला काय आवडायचं? आपल्याकडं गेलेल्याच्या पानावर त्याच्या आवडीचं ठेवतात. कुणाला चहा, कुणाला तमाखू. मी खूप आठवलं. त्या काय आवडीनं खायच्या, मला एकही पदार्थ आठवला नाही. शेवटी लाल धाग्याचं रीळ पाठवलं.

तर पुढं. दिवसाला एकही नाही, असे माझे अकरा दिवस भरले. रविवारी पोरगी आली, खाटेच्या मधोमध येऊन बसली आणि माझा पदर नाकाला लावून म्हणाली, "आई, तुला निस्ता साबणाचा वास येतो." मला जग जिंकल्यासारखं वाटलं. माझ्यासारख्या बाईला असं वाटू देणं धोक्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, कचेरीला सुट्टी. काकींची बहीण हट्टा गावी आजारी होती; सकाळीच निरोप आला. सात वर्षांत काकी सहाच्या वेळी घराबाहेर राहिल्या नव्हत्या. निघताना बिडी वळून माझ्या हातात दिली.

"पाचपर्यंत येतोच मी. बस चुकली तर तू ठेवजो. तोंड नको लावजो बरं."

बस चुकली. सहा वाजता मी निखारा धरला, फुंकर घातली, बिडी पेटवून कडेवर ठेवली. निखारा लाल झाला. मंद झाला. लाल झाला. काकींच्या हातची वळलेली, बेताची भरलेली बिडी. आणि तो वास. अकरा दिवस. मी इकडं तिकडं बघितलं, जणू रिकाम्या अंगणात मला कुणी बघणार होतं, आणि बिडी उचलून ओठांत धरली.

टोक ओलं होतं.

शहाण्या माणसानं ती तिथंच फेकली असती. मी ओढली. धाग्यापर्यंत ओढली. हे मी नातवंडांना कधी सांगितलेलं नाही.

शेवटच्या झुरक्याला खोकला आला. तो माझा नव्हता. माझा खोकला बारीक, चिमणीसारखा. हा पोटातून आला, जाड, तीनदा थांबून थांबून, आणि शेवटी एक लांब शिट्टी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी तो येतच राहिला. तेवढ्यात पुढचं दार वाजलं, पावलं धावत आली आणि मधल्या दारात काकी उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतलेला. धावल्यानं गाल लाल.

"आलात?" त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी मला बघितलं, माझ्या बोटांतलं थोटूक बघितलं.

त्या रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या रागावल्या नाहीत. हळूच माझ्यामागं येऊन बसल्या आणि माझ्या पाठीला कान लावला. "खोक," म्हणाल्या.

तो खोकला आठवडाभर गेला नाही. मी कचेरीत खोकले की कारकून दचकून दाराकडं बघत, कोण मोठा माणूस आला म्हणून. घरी आले की काकी पाठीला कान लावून बसायच्या. माझी बिडी पुन्हा बंद होती, पण आता त्यांना माझ्या पुडीत रस नव्हता. ओट्यावर त्या सहाची बिडी ठेवत नव्हत्या. भिंतीशी बोलत नव्हत्या. बोलायच्या त्या माझ्या पाठीशी, अगदी हळू, मला न कळेल असं. दिवसागणिक खोकला ओसरत चालला आणि त्यांची बोटं जास्तच भरभर हवा वळायला लागली.

शनिवारी खोकला जवळजवळ बंद झाला. रविवारी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. हातात बिडी, पेटलेली.

"एकच झुरका घे," त्या म्हणाल्या.

"काकी!"

"जाऊन राह्यले वं ते. ऐकू नाई येत आता. एकच घे, पोरी. मले आवाज ऐकू दे त्याईचा."

ज्यांनी माझे थरथरते हात मांडीखाली धरले होते, त्यांचेच हात थरथरत होते. मी त्यांच्याकडं बघून नको म्हणाले असेन असं तुम्हाला वाटत असेल. मी बिडी घेतली. मला दया आली म्हणून घेतली, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. दया वगैरे काही नाही. समोर पेटलेली होती, म्हणून घेतली. ओठांपर्यंत नेली, आणि दार ढकलून माझी मुलगी धावत आत आली.

आई मागून येत होती. पोरीला साबणाच्या वासाची खात्री होती. ती थेट माझ्या कमरेला येऊन बिलगली, तोंड पोटात खुपसून, धुराच्या मधोमध. दोन श्वास घेतले. तिसरा आत गेलाच नाही.

हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, मान ताणलेली. आणि ती शिट्टी. मी हातात बिडी घेऊन नुसती उभी. हलल्या त्या काकी. त्यांनी पोरीला उचलून पुढच्या अंगणात हवेत नेलं, आपल्या मांडीवर पुढं झुकवून बसवलं, आईच्या पिशवीतलं औषध दिलं, पाठ चोळत राहिल्या. शिट्टी वाजत होती आणि काकींचा कान तिच्या पाठीला होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलताना मी पाहिला. तो आवाज त्यांनी पूर्वी ऐकलेला होता. खोकल्यानंतरचा, शेवटचा.

तासाभरानं पोरगी सावरली.   आई नि ती पाचच्या बसला थांबल्यासुद्धा नाहीत; दुपारच्याच बसनं गेल्या. जाताना आई एवढंच म्हणाली, "जुलैचं विसर."

सहा वाजता काकींनी मला ओट्यावर बोलावलं. बिडी वळलेली होती. निखारा धरला, फुंकर घातली, कडेवर ठेवली. मग त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. त्याईशी बोलताना त्या नेहमी पदर सावरायच्या. त्या दिवशी सावरला नाही.

"आइका," त्या म्हणाल्या. "हे शेवटची. हिचीबी बंद अन् तुमचीबी बंद. पोट्टी राह्याले येईन इथं. तिले दम लागते. दम लागते म्हंजे काय होते, तुमाले मालूम आहे." मग म्हणाल्या, "तवा मी बोललो नाई. आता बोलून राह्यलो."

निखारा लाल झाला. इतका लाल मी कधी पाहिला नव्हता; ओट्याच्या कडेवर त्याचा उजेड पडला. मग मंद झाला. आम्ही पुन्हा लाल व्हायची वाट बघत राहिलो. राख गळून पडली. धुराची एक बारीक रेघ निघाली, सरळ वर गेली आणि संपली. धाग्यापासून दोन बोटं अलीकडं बिडी विझली होती. कुठल्याही बिडीसारखी.

"काकी, वाऱ्यानं—"

"वारा नाई वं."

त्यांनी पालथा पंजा खुर्चीला लावला. खूप वेळ तसाच ठेवला. मग उचलला आणि पदरात झाकून घेतला. "भाजी कायची करू?" त्यांनी मला विचारलं. त्यांची बोटं मांडीवर गप्प होती.

लोकांना मी सांगते, मी बिडी सोडली. खरं तर आम्ही दोघांनी सोडली, आणि दुसरा माझ्यापेक्षा खंबीर निघाला. मी पुढचे दोन महिने लवंगा चघळत, भांडी आपटत, भिंतीला शिव्या देत काढले. पलीकडून कुणी साधं खोकलंही नाही. काकी माझ्याजवळ बसून राहायच्या, तल्लफ जाईपर्यंत. समोर जळायला आता काही नव्हतं. दोघी मिळून रिकाम्या खुर्चीकडं बघायचो.

जूनच्या शेवटी काकी मला घेऊन रामपायलीला गेल्या. माझ्या आईच्या अंगणात उभं राहून माझा उजवा हात धरला आणि दोन बोटं तिच्यापुढं केली.

"हुंगून पाहा बाई."

माझी आई कडक. तिनं खरंच हुंगून पाहिली. मग मी, घरात शिरून, पोरीची पेटी भरायला घेतली.

बालाघाटच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. पोरगी घरभर सगळीकडं धावून आली आणि मागच्या ओट्यावर जाऊन नेमकी त्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मी ओरडणार होते.

"बसू दे तिले," काकी म्हणाल्या. "रिकामी आहे."

पोरगी धावून आली होती तरी श्वास कसा स्वच्छ चालला होता. मी कान देऊन ऐकत होते. तिनं वेताच्या बैठकीवरून दोन्ही तळवे फिरवले. ओट्यावर ऊन नव्हतं.

"काकी आजी," ती म्हणाली, "इथून आत्ताच कोणी उठलं का? गरम आहे ही."

काकी भिंतीकडं वळल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सावरून घेतला.